नाकात मुक्काम, औषधाला दाद नाही

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू दर दहांपैकी साधारण तिघांच्या नाकपुडीच्या पुढच्या भागात मुक्कामाला असतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. पण कातडी कापली, शस्त्रक्रिया झाली किंवा सलाईनची सुई फार दिवस राहिली, की तोच गळू करतो, हाडात शिरतो, रक्तात उतरतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात 219 रुग्णांपैकी 180 जणांच्या रक्तातला जिवाणू त्यांच्याच नाकातला निघाला.

पेनिसिलिनला सरावलेल्या या जिवाणूसाठी 1959 मध्ये मेथिसिलिन आले. ते जिवाणूची भिंत रचणारी प्रथिने निकामी करते. मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या एमआरएसए प्रकारातले मेक-ए जनुक मात्र औषधाच्या हाती न लागणारे वेगळे प्रथिन बनवते. एका गवंड्याचे हात बांधले, तरी दुसरा भिंत चढवतच राहतो. 1961 मध्ये लंडनच्या कोलिंडेल प्रयोगशाळेतील पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी पाच हजारांहून अधिक नमुन्यांतून असे तीन शोधले. पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग शाळेच्या पुस्तकात आहेत; जेव्हन्स यांचे नावही तिथे हवे.

एमआरएसए हा केवळ रुग्णालयांचा रोग नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून 2010 मध्ये आलेल्या अभ्यासात 412 एमआरएसए नमुन्यांपैकी तीन-चतुर्थांश नमुने प्रामुख्याने रुग्णालयाबाहेरच्या जिवाणूंत आढळणाऱ्या जनुकीय प्रकारांचे होते. त्यातला एसटी772 हा वाण भारतीय उपखंडात 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मला आणि 1990च्या दशकात जगभर पसरला, असे 14 देशांतल्या 340 नमुन्यांच्या जनुकसंचांवरून 2019 मध्ये दिसले. अनेक औषधांना पुरून उरण्याची ताकदच त्याच्या प्रसारामागे होती.

दाटीवाटीचा निवारा, उघड्या जखमा आणि एकच टॉवेल, एवढे एमआरएसएला पसरायला पुरते. बीड जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या कोप्यांत दाटी असतेच, आणि कोयत्याचे घावही नवे नसतात.

नाकातला एमआरएसए शोधण्याची तपासणी साधी आहे; बीड जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी तिला महागडी यंत्रे लागत नाहीत. ओला कापूसबोळा दोन्ही नाकपुड्यांत फिरवून मॅनिटॉल मिठाच्या लालसर माध्यमावर ओढतात. जिवाणू वाढला की ते पिवळे पडते. मग वाढलेल्या जिवाणूवर सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकाची चकती ठेवून पाहतात. भोवतीचे स्वच्छ वर्तुळ 21 मिलिमीटर किंवा कमी भरले, तर तो एमआरएसए.

निरोगी वाहकाला सहसा औषध देत नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेआधी मात्र म्युपिरोसिन हे जिवाणूनाशक मलम पाच दिवस नाकात लावतात. सरसकट वापरले, तर जिवाणू त्यालाही दाद देईनासा होतो.