फणीतला केस काय सांगतो

देहाची देखभाल : लेखांक ९

उद्या विंचरून झालं की फणीत अडकलेले केस लगेच गुंडाळून फेकू नका. त्यातला एक घ्या, खिडकीपाशी उजेडात धरा आणि दोन्ही टोकं नीट बघा. एका टोकाला बारीक पांढरट गाठ दिसली तर तो केस मुळापासून सुटून आलाय. गाठ कुठेच नाही आणि लांबीही तुमच्या केसांपेक्षा बरीच कमी आहे, तर तो मधेच तुटलाय. आपण दोन्हीला ‘केस गळतात’ एवढंच म्हणतो आणि दोन्हीवर तेलाची बाटली काढतो. खरं तर तुटणं हा केसाच्या दोऱ्याचा प्रश्न आहे आणि गळणं मुळाचा. दोऱ्याला तेल, पाणी, फणी, उन्हाचा संबंध. मुळाला रक्ताचा, जेवणाचा, तापाचा, आई-बापाकडून आलेल्या वारशाचा. बाजारातली निम्मी जाहिरात या दोहोंची गल्लत करण्यावर चालते.

आधी दोरा, कारण आमच्या जासई-उरणच्या पट्ट्यात त्याचे हाल जास्त आहेत.

जासई म्हटलं की शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील आठवतात, जमिनींसाठीच्या आंदोलनावर गोळीबार झाला तो १९८४ चा जानेवारी आठवतो. रोजच्या जगण्यात मात्र जासई म्हणजे पनवेल-उरण रस्ता आणि त्यावरचे ट्रेलर. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, भातशेती आणि मिठागरांच्या जागी कंटेनर यार्ड आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू शेजारच्या चिर्ल्याला येऊन टेकला. गाड्या वाढल्या तशी धूळ वाढली. रस्त्याकडेच्या दुकानात सकाळी पुसलेल्या काउंटरवर दुपारी बोट ओढा, रेघ उमटते. तीच धूळ डोक्यावर बसते. फरक इतकाच की काउंटर दिवसातून चारदा पुसला जातो. वर खाडीचा दमट वारा, बारमाही घाम आणि ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांच्याकडे जड पाणी.

केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याच्या अंगावर कौलारू छपरासारखे खवले दिसतात, एकावर एक चढलेले, टोकं खालच्या बाजूला. कौलं नीट बसलेली असली की केस चकाकतो, बोट सरकतं. धुळीच्या कणांनी घासून, उलट विंचरून, गरम इस्त्री फिरवून ती उचकटली की केस निस्तेज होतो, एकमेकांत अडकतो आणि टोकाशी फाटतो. केसाला जीव नसतो. जखम भरून येते तसा फाटलेला केस जुळून येत नाही. ‘दुभंगलेली टोकं सांधणारा’ म्हणून जे काही विकतात ते त्याला पुढच्या धुण्यापर्यंत चिकटवून ठेवतं. खरा उपाय कात्री.

आता तेल. घरातल्या जुन्या बायकांनी खोबरेल धरून ठेवलं, त्याला आधार आहे. मॅरिको कंपनीच्या मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. ती २००३ साली सौंदर्यप्रसाधनांच्या शास्त्राला वाहिलेल्या नियतकालिकात छापून आली. धुताना, विंचरताना केसातलं प्रथिन झिजून जातं, ती झीज तिन्हींपैकी फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी झाली. कारण लॉरिक आम्ल. त्याचा रेणू लहान आणि सरळ असतो, म्हणून तो केसाच्या आत शिरतो, बाकीची तेलं वरवर राहतात. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनच हा निष्कर्ष वाचायचा, पण रसायनाच्या अंगाने तो पटण्यासारखा आहे. केस पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. हे सतत होत राहिलं की कमजोर होतो. आत तेल असलं की पाणी कमी शिरतं.

म्हणजे तेलाचं खरं काम धुण्याच्या आधीचं आहे. न्हायच्या आदल्या रात्री, नाहीतर तास-दोन तास आधी लावा, टोकांना जास्त, आणि धुवून टाका. आपल्याकडे होतं उलट. न्हाऊन झालं की सकाळी चप्प तेल, घट्ट वेणी आणि मग नाक्यावर रिक्षेची वाट बघत ट्रेलरच्या धुळीत उभं राहायचं. तेलकट केसावर धूळ नुसती बसत नाही, चिकटते. आणि तेल लावून केस वाढत नाहीत, दाटही होत नाहीत. महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढायचं हे मूळ स्वतः ठरवतं, बाटलीवरच्या गुडघ्यापर्यंत केस सोडलेल्या बाईला विचारून नाही.

कोंडा असेल तर तेलाने तो दबल्यासारखा वाटतो, कमी होत नाही. कोंड्यामागे बहुधा मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते, ती सगळ्यांच्याच टाळूवर राहते आणि तेलातल्या स्निग्ध आम्लांवर पोसली जाते. तिला आठवडाभर तेल पाजायचं आणि रविवारी खरवडायचं, हा घरोघरचा शिरस्ता तिच्या सोयीचा आहे. केटोकोनॅझोल असलेला शांपू आठवड्यातून दोनदा टाळूला लावून पाच मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग धुवायचा, महिनाभर. लावल्या लावल्या धुऊन टाकला तर पैसे वाया.

बोअरच्या पाण्याचा खरा त्रास साबणाशी आहे. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण जुळला की पांढरा चिकट थर बनतो, बादलीच्या कडेला बसतो तोच. वडीचा साबण केसांना लावणाऱ्यांचे केस म्हणून खरखरीत, ताठ होतात. वडीवर शिकेकाईचं चित्र असलं तरी आत साबणच आहे. शांपूत साबण नसतो, त्यामुळे तो थर धरत नाही, फेस मात्र कमी येतो. म्हणून पुडीवर पुडी फोडू नका, फेस आणि स्वच्छता यांचा तेवढा संबंध नाही. पहिल्या पावसात पन्हाळीखालची बादली घरात घेऊन त्या पाण्याने न्हाऊन बघा, तीच पुडी किती फेसाळते. पावसाचं पाणी मऊ असतं. खरी शिकेकाई, रिठा यांत सॅपोनिन असतं, तेही जड पाण्यात चालतं. फक्त पूड वस्त्रगाळ हवी आणि भिजवून गाळून घ्यावी. भरड पूड चोळली तर ती टाळू साफ करते आणि कौलं खरवडते.

शांपू टाळूला, कंडिशनर टोकांना. याच्या उलट करणारे खूप आहेत. किती दिवसांनी धुवावे? घाम आणि धूळ जितकी तितक्या लवकर. यार्डात काम करणाऱ्याने, दिवसभर हेल्मेट घालणाऱ्याने एक दिवसाआड धुतले तरी बिघडत नाही. न्हाताना जाळीवर केसांचा पुंजका दिसतो म्हणून लोक घाबरून धुणं लांबवतात. ते केस आधीच सुटलेले असतात, पाण्याने फक्त बाहेर आणले. आठ दिवसांनी धुतलं तर आठवड्याचे एकदम दिसतात.

सगळ्यात जास्त केस तुटतात ते न्हाऊन झाल्यावर. ओला केस ताणला की लांबतो आणि तुटतो, कारण पाण्याने त्याचे आतले बंध सैल झालेले असतात. आणि नेमकं त्याच वेळी आपण काय करतो? मान खाली घालून, केस पुढे सोडून, पंच्याने फटाफटा झोडपतो. पाण्याचे तुषार उडतात, छान वाटतं. चाळीतल्या गॅलरीपासून गावच्या अंगणापर्यंत हे दृश्य मराठी घरात इतकं मुरलेलं आहे की त्यात काही चूक असेल असं कुणाच्या मनात येत नाही. पंचा चांगलाच, टॉवेलपेक्षा मऊ असतो, पण तो गुंडाळून दाबायला. झोडपायला नव्हे. मग मोठ्या दातांचा कंगवा, आधी टोकं सोडवायची, मग मधला भाग, शेवटी मूळ. बारीक फणी उवा-लिखांसाठी, रोजच्या विंचरण्यासाठी नाही. आणि ओल्या केसांचा आंबाडा नको.

कोरड्याही केसांचा ओढून बांधलेला आंबाडा आणि वर गजऱ्याचं वजन हे वर्षानुवर्षं चाललं की कपाळाकडचे, कानशिलावरचे केस विरळ होत मागे सरकतात. शाळेतल्या दोन कडक वेण्याही त्याच वाटेवर आहेत. सुरुवातीला बांधणं सैल केलं तर केस परत येतात. दहा-पंधरा वर्षं ओढ बसल्यावर मूळच मरतं, मग येत नाहीत.

आता गाठवाल्या केसाकडे वळू. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि गळून जातो. दिवसाला पन्नास ते शंभर जाणं हा हिशेबातला भाग आहे. हिशेब बिघडतो तेव्हा काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्राने पाहिलं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पुरुष, लहान मुलं, सगळ्यांत मिळून अडीचशेहून अधिक लोक. पहिला संशय पाण्यावर आणि शांपूवर गेला, मग बुरशीवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर माहीत असलेले आपल्याच रायगडातले, महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनीही स्वतंत्र शोध घेतला. त्यांचा निष्कर्ष असा, की रेशनवर आलेल्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण स्थानिक गव्हापेक्षा कितीतरी पट होतं आणि रुग्णांच्या शरीरात जस्त कमी. पुढे त्याच गावांतून नखं गळल्याच्या तक्रारी आल्या. सेलेनियम जास्त झालं की केसांबरोबर नखंही जातात, हे वैद्यकाला आधीपासून माहीत आहे. बऱ्याच जणांचे केस नंतर परत आले.

सेलेनियम शरीराला लागतंच, पण अगदी चिमूटभर, आणि थायरॉइडच्या कामाला ते हवं असतं. जास्त झालं की तेच केस पाडतं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. म्हणून ‘केसांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या आणि रंगीत गमी कुणी सांगितल्या म्हणून सुरू करू नयेत. बायोटिनने तर रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडेच चुकतात, थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात त्या चाचणीचेही. गोळी चालू असेल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा.

शेगावचा प्रकार विरळा. आपल्याकडे मुळाला लागणारी खरी झळ लोहाची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. शरीराला लोह कमी पडलं की ते आधी रक्ताकडे जातं, केसांची पाळी शेवटची. आगरी घरात खरं तर सोय चांगली आहे: जवळा, सुकट, मांदेली, कोलंबी, वालाची डाळिंबी. अडचण अशी की ताटात ते आधी पुरुषांना आणि मुलांना पडतं, आणि बाईच्या वाट्याला कालवणाचा रस्सा येतो. जेवणावर लिंबू पिळा आणि चहा तासभर पुढे ढकला, कारण जेवणाबरोबरचा चहा लोह अंगी लागू देत नाही. श्रावणात मासळी बंद होते त्या महिन्यात कडधान्य वाढवा. लग्नाआधी बारीक व्हायचं म्हणून जेवण तोडलेल्या मुलींचे केस लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि बोल सासरच्या पाण्याला लागतो.

हा दोन-तीन महिन्यांचा फरक फार फसवतो. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन या सगळ्यांत शरीर बरेच केस एकदम विश्रांतीला पाठवतं, आणि ते गळतात विश्रांती संपल्यावर. गणपतीत आलेला ताप दिवाळीत डोक्यावर दिसतो. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष दिवाळीला बदललेल्या शांपूला जातो. काही न करताही सहाएक महिन्यांत बहुतेकांचे केस भरून येतात, आणि त्या काळात जे तेल चालू असेल त्याला श्रेय मिळतं. गावोगावच्या रामबाण तेलांची कीर्ती अशीच पसरते, असं माझं मत आहे.

पुरुषांचं कपाळावरून आणि भोवऱ्यापासून पडणारं टक्कल वारशाचं. हेल्मेटने ते पडत नाही, त्यामुळे बंदराच्या रस्त्यावर हेल्मेट काढून हँडलला अडकवू नका. आत सुती टोपी घाला आणि ती रोज धुवा. लवकर गेलात तर त्वचारोगतज्ज्ञांकडे औषधं आहेत, मात्र बंद केली की परिणामही जातो. चाई पडली, म्हणजे रुपयाएवढा गुळगुळीत गोल, तर त्यावर लसूण चोळून कातडी भाजू नका. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते आणि त्यावर इंजेक्शनची साधी उपचारपद्धती आहे.

जावळाबद्दल नेहमी विचारतात. बाळाचं जावळ काढल्यावर केस दाट येतात का? येत नाहीत. मुळं तेवढीच राहतात. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, वस्तऱ्याने ते बोथट होतं, म्हणून हाताला राठ लागतं आणि दाट झाल्यासारखं वाटतं. पण कार्ल्याला एकवीरा आईच्या पायाशी जावळ द्यायचं तर हौसेने द्या. फक्त वस्तऱ्यात नवं पातं तुमच्या डोळ्यांदेखत घालायला लावा, आधीच्या मुलाचं नको. कावीळ बी आणि एचआयव्ही एका पात्यावरून पुढच्या डोक्यावर जाऊ शकतात.