उतारवयातील मूत्रावरोध व त्यावरील औषधे

चिखला व डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींतील कामगारांच्या सभांसाठी आंबागडच्या आसपासची गावे आम्ही पुष्कळ वर्षे फिरलो. सभेतून वयस्क मंडळी वारंवार उठून जात. आम्हांस वाटे, आपले भाषण लांबले. पुढे एकाने एकांतात खरे सांगितले: लघवीची घाई होते, पण धार लागत नाही, रात्री चारदा उठावे लागते. म्हणून भर वैशाखात तो पाणीच कमी पीत असे! आम्ही डॉक्टर नव्हे; पण त्या दिवसापासून या विषयाची माहिती मिळवू लागलो.

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. उतारवयात ती बहुधा वाढते व मधली वाट आवळते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. परंतु लक्षणे सारखी असू शकतात. म्हणून तपासणी आधी, गोळी नंतर.

औषधे मुख्यतः दोन जातींची. टॅमसुलोसिनसारखी औषधे तेथील स्नायू सैल करतात. काही दिवसांतच आराम पडू लागतो, पण ग्रंथी लहान होत नाही. एकदम उठल्यास भोवळ येऊ शकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी हे औषध चालू असल्याचे नेत्रतज्ज्ञांस सांगितलेच पाहिजे.

दुसरी जात फिनास्टेराइडची. डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही पुरुषांत जन्मतःच एक विकर उणे असते व त्यांची प्रोस्टेट लहानच राहते, ही गोष्ट १९७४ च्या संशोधनामुळे पुढे आली. तेच विकर रोखणारे हे औषध १९९२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याने वाढलेली ग्रंथी आक्रसते. मात्र पुरा गुण यायला सहा महिने धीर धरावा लागतो. कामेच्छा मंदावू शकते. पीएसए या रक्ततपासणीचा आकडाही सुमारे निम्मा होतो, याची डॉक्टरांस आठवण द्यावी. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांवर पुरुषांच्या चाचणीत दोन्ही जातींची औषधे जोडीने दिल्यास विकार बळावणे अधिक टळते, असे दिसले.

सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडकू शकते. ती साफ तुंबली, किंवा तीतून रक्त आले, तर तडक रुग्णालय गाठावे. तुंबलेले मूत्र मूत्रपिंडांस बाधते.

मजुरीच्या प्रश्नावर आम्ही कामगारांस सांगत आलो, की गप्प बसणाऱ्याचे गाऱ्हाणे कोणी लिहून घेत नाही. डॉक्टरांपुढेही तोच नियम. घरातील वडीलधारे पाणी टाळू लागले, तर त्यांस हळूच विचारा, आणि सोबत दवाखान्यात जा.