दिंडीच्या गाडीतील महानस

संस्कृतात स्वयंपाकघरास ‘महानस’ असा एक जुना शब्द आहे. ‘अनस्’ म्हणजे गाडा आणि ‘महानस’ म्हणजे मोठा गाडा. ज्या शब्दाने पुढे राजवाड्यांतील पाकशाळा ओळखल्या गेल्या, त्या शब्दाच्या पोटात मुळात दोन चाके दडलेली आहेत! दर्शपूर्णमास इष्टीत हविर्द्रव्याचे धान्य गाड्यातून घ्यावे आणि घेण्यापूर्वी अध्वर्यूने गाड्याच्या जुवास स्पर्श करावा, असा विधी शतपथ ब्राह्मणात सांगितला आहे. भागवताच्या दशम स्कंधात गोकुळ सोडून वृंदावनास निघालेल्या गोपांनी वृद्ध, बालके, स्त्रिया आणि सारा संसार गाड्यांवर चढविला, स्वतः ते बरोबर चालले आणि मुक्कामी पोचल्यावर गाडे अर्धचंद्राकार उभे करून त्यांनी वस्ती केली. चाकांवरचे घर ही आजकालची चैन आहे, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य आठवावा.

आषाढीच्या निमित्ताने आज हा विषय काढण्यास कारण आहे. पूर्णेच्या काठी, सिद्धेश्वर धरणाच्या आमच्या परिसरात नागनाथाचे औंढे जवळ, नामदेवरायांचे नर्सी जवळ आणि शेगावची पालखी याच जिल्ह्यातून परभणीकडे जाते. वारीची वाट आमच्या दारावरूनच जाते म्हणा ना! आमची दिंडी लहान, चाळीसेक माणसांची. पूर्वी सामान भाड्याच्या ट्रकमध्ये जाई. पुढे सर्वांनी वर्गणी करून शाळेची मुले ने-आण करणारी एक जुनी बंद गाडी विकत घेतली. गावातल्याच वेल्डिंगवाल्याने आणि सुताराने तिच्यात फळ्या, पेट्या व आजारी वारकऱ्याकरिता एक बाक बसविला. तेव्हापासून प्रतिवर्षी वैशाख उजाडला की गाडीत नवे काय बसवावयाचे, याची चर्चा पारावर रंगते. कोणाला पंखा हवा, कोणाला शीतपेटी, कोणाला मोठा ध्वनिक्षेपक. यात्रेकरिता घरची गाडी अशीच सजविणारी कुटुंबेही आता गावोगाव दिसतात. त्या सर्वांपुढे आमच्या अनुभवाचे चार शब्द ठेवावेत, एवढाच येथे हेतू आहे.

आधी वारा

२०१७ सालच्या आषाढातील एक रात्र मी विसरू शकत नाही. गंगाखेडच्या पुढे आमचा मुक्काम होता. पावसाने तंबू उखडले. भिजलेल्या तीन वृद्ध माउलींना आम्ही गाडीत निजविले, त्यांना ऊब मिळावी म्हणून निखाऱ्याची शेगडी आत ठेवली आणि झड आत येऊ नये म्हणून सर्व काचा लावून घेतल्या. हे सारे अत्यंत प्रेमाने झाले, हे मुद्दाम सांगतो. मध्यरात्री विणेकऱ्यास पाणी हवे होते, म्हणून त्याने दार उघडले. एक आजी अर्धवट शुद्धीत, दुसरीस वांती झालेली, तिसरीचे डोके फुटल्यासारखे दुखत होते. तिघींना मोकळ्या हवेत आणले, दवाखान्यात नेले आणि पांडुरंगाच्या कृपेने तिघीही वाचल्या. विणेकऱ्यास तहान लागली नसती, तर काय झाले असते?

न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान सांगताना दृष्टान्त या महानसाचाच देतात. परंतु त्या रात्री गाडीत धूर नव्हता, वासही नव्हता. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो आणि मनुष्य झोपेतच जातो. अनुमानाचे साधनच जेथे नाही, तेथे आपले शास्त्र आणि आपले नाक दोन्ही निरुपयोगी ठरतात. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या अशाच एका निवासी गाडीत दोन माणसे मृत आढळली. जनित्राचा वायू गाडीत शिरला होता, असे तपासात निष्पन्न झाले.

यास्तव गाडीत पहिली भर घालावयाची ती हवेची. छपरात पाऊस आत न येणारे वायुवीजन आणि खाली, समोरच्या बाजूस, कधीही बंद न होणारी जाळी अशा दोन वाटा हव्यात. एकीने हवा आत यावी, दुसरीने बाहेर जावी. शेगडी, स्टोव्ह, जनित्र यांपैकी काहीही निजण्याच्या जागेत पेटवू नये. जनित्र गाडीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास ठेवावे. आणि या वायूची सूचना देणारे घंटेचे लहानसे यंत्र निजणाऱ्यांजवळ, यंत्राबरोबरच्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे बसवावे. ज्यास नाक ओळखू शकत नाही, त्यास ओळखणारे हे आपले नवे नाक होय.

स्वयंपाकाच्या गॅसची प्रकृती याहून वेगळी. त्यास मुद्दाम वास घातलेला असतो, पण तो हवेपेक्षा जड असल्याने गळला की तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरची पेटी बाहेरून उघडणारी, आतल्या भागापासून पूर्ण बंद आणि तळाशी भोके असलेली हवी. सिलिंडर उभाच ठेवावा व पट्ट्याने बांधावा. प्रत्येक मुक्कामी जोडणीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. चूल मात्र नेहमी गाडीबाहेर, ताडपत्रीच्या आडोशाला. महानस चाकांवर असावे, अग्नी जमिनीवर असावा, हा आमचा नियम ठरला.

शकटाचा भार

बाळकृष्णाच्या चिमुकल्या पायाने शकट उलथला आणि वर ठेवलेली दुधादह्याची भांडी विखुरली, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. भगवंताची लीला अगाध खरीच. पण वर भार चढविलेला गाडा घाटातल्या एका वळणानेही उलथतो, हेही तितकेच खरे. गाडीच्या नोंदणीपत्रात सामानासह जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा लिहिलेला असतो. काम सुरू करण्यापूर्वी एकदा आणि सर्व बसविल्यावर माणसांसह एकदा, जिनिंगच्या किंवा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी चढवावी. आम्ही तसे केले, तेव्हा पुष्कळांचे उत्साह आपोआप शमले.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर म्हणजे एक किलो. २०० लिटरची टाकी भरली की तीन धडधाकट माणसे गाडीत बसल्यासारखेच झाले. टाकी छपरावर कधीही ठेवू नये. ती तळाशी, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये बसवावी आणि तिच्यात आडपडदे असावेत. कारण अर्धी भरलेली टाकी वळणावर सारे पाणी एका अंगास लोटते आणि गाडी त्या बाजूस ओढली जाते. फळ्यांचेही तसेच. आठ बाय चार फुटांचा १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड सुमारे ३५ किलो भरतो, १२ मिलिमीटरचा सुमारे २३ किलो. बाकाखाली लोखंडी कोनाचा आधार दिला, तर पातळ फळी निभावते. जड भांडी आणि शिध्याच्या पेट्या खाली, अंथरुणे वर, आणि प्रत्येक पेटीस कडी. एकदम ब्रेक लागला, तर सुटा डबाही माणसाचा जीव घेतो.

विजेचा जमाखर्च

आमच्या मंडळींत सर्वांत मोठा वाद झाला तो विजेवरून. शेवटी मी कीर्तनातील निरूपणाप्रमाणे फळ्यावर जमाखर्चच मांडला. १२ व्होल्टची, १०० ॲम्पियर-तासांची साधी बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-तासांचा साठा. परंतु शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरविली, तर तिचे आयुष्य झपाट्याने सरते. म्हणून जमेची बाजू ६०० धरावयाची. आता खर्च पाहू. दहा वॅटचे चार दिवे पाच तास म्हणजे २००. वीस वॅटचे दोन पंखे सहा तास म्हणजे २४०. पंधरा मोबाइल, प्रत्येकी बारा धरून, १८०. एकूण ६२०. म्हणजे आपण आधीच वीस वॅट-तासांचे ऋणको! लहान शीतपेटी बसविली, तर तिला दिवसाकाठी आणखी तीनशे ते पाचशे लागणार. ते कोठून आणावयाचे?

सौरपॅनेल हे उत्तर आहे, पण आषाढातील आभाळ ध्यानी घेऊन. उन्हाळ्यात २०० वॅटचे पॅनेल दिवसाला आठशेच्या आसपास देते. ढगाळ दिवसांत त्याच्या तिसरा-चौथा हिस्साच मिळाला, असे समजावे. म्हणून गाडी चालू असताना तिच्या अल्टरनेटरनेही दुसरी बॅटरी भरेल, अशी जोडणी हवी. मात्र रात्री दिवे जळताना गाडी सुरू करण्याची मुख्य बॅटरी रिकामी होऊ नये, म्हणून दोहोंमध्ये वेगळे करणारा रिले बसवावा. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी महाग खरी, पण तेवढ्याच क्षमतेची बॅटरी निम्म्याहून कमी वजनाची असते आणि तिच्यातील ऐंशी टक्के साठा निःशंक वापरता येतो. अल्टरनेटरवरून ती भरावयाची, तर साध्या रिलेऐवजी तिच्या जातीचा चार्जरच लावावा. पैसा असेल त्याने ती घ्यावी. नसेल त्याने एक पंखा कमी लावावा. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत.

एक गोष्ट मात्र पैसा असो वा नसो, सोडू नये. ती म्हणजे फ्यूज. घरातील विजेपेक्षा १२ व्होल्टची वीज सौम्य, हा समज घातक आहे. २४० वॅटचे उपकरण घरी एक ॲम्पियर प्रवाह ओढते, तर गाडीत वीस ॲम्पियर. त्या प्रवाहास घरातील बारीक वायर दिली, तर ती तापून पेटते. तारेच्या जाडीस शोभेल असा फ्यूज बॅटरीपासून एका विताच्या आत बसवावा. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकास रबरी कडे घालावे, अन्यथा हादऱ्याने वायर घासून उघडी पडते. आणि अग्निशामक नळकांडे दाराजवळ, हाताशी असावे.

राजाज्ञा

आपली गाडी, आपण हवे ते करू, असे म्हणता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत फेरबदल करण्यावर बंधने आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ नमुन्याविरुद्ध जाणाऱ्या बदलांस मनाई असल्याचे स्पष्ट केले. सुटी पेटी ठेवणे वेगळे आणि आसने काढणे, छप्पर कापणे वेगळे. यासाठी आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात आराखडा दाखवावा, परवानगी घ्यावी, मग सुतारास बोलवावे. विमा कंपनीसही लेखी कळवावे. गाडी चालू असताना बाकावर कोणीही निजू नये. मान्य आसनावर पट्टा लावूनच बसावे.

कोणासाठी?

गेल्या खेपेस एका सज्जनाने दिंडीस देणगी दिली आणि पुन्हा शीतपेटीचा विषय निघाला. दोघांना इन्सुलिन लागते, हा मुद्दा खरा होता. पण डॉक्टरांनी सांगितले की, वारीच्या दिवसांपुरते ते औषध बाष्पीभवनाने गार राहणाऱ्या लहान पिशवीत नीट राहील. मग मी त्या तीन आजींपैकी एकीस विचारले, “माय, गाडीत काय असावं?” तिने क्षणभरही विचार केला नाही. “महाराज, चढाया एक पायरी करा. अन् बायांच्या आंघोळीला आडोसा.” इतकी वर्षे आम्ही पंखे आणि दिवे मोजीत होतो, सत्तरीतल्या बाईस गाडीचा उंबरठा गुडघ्याइतका उंच पडतो, हे आमच्यापैकी एकाही पुरुषाच्या ध्यानी आले नव्हते.

त्या देणगीतून दुमडणारी रुंद पायरी झाली, दाराशी धरावयास दांडा झाला, गाडीच्या मागच्या दारास लावावयाचा कनातीचा आडोसा झाला आणि वायूची सूचना देणारे यंत्रही आले. शीतपेटी राहिली.

वाचकहो, गाडीत भर घालताना क्रम एवढाच ठेवावा: आधी श्वास, मग भार, मग वीज, आणि सर्वांत शेवटी सोय, आणि सोय कोणती, हे जो सर्वांत अशक्त असेल त्यास विचारावे. यज्ञातील अध्वर्यू धान्यास हात घालण्यापूर्वी गाड्याच्या जुवास स्पर्श करीत असे. आमची दिंडी आता निघण्यापूर्वी गाडीची पूजा करते, तेव्हा नारळ फोडण्याआधी एकजण त्या यंत्राची कळ दाबतो. घंटा वाजते. आजी पायरीवर पाय ठेवते. मगच वीणा उचलला जातो.