वह्यांच्या जोडीला दोऱ्या, चेंडू आणि वजनकाटा : शाळेच्या खेळाच्या तासाला दान कसे पोचते?

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला हार-फुले, मेणबत्त्या यांच्याऐवजी एक वही आणि एक पेन आणा, ही हाक आता आपल्या समाजात चांगली रुजली आहे. चैत्यभूमीवर आणि गावोगावच्या विहारांत जमलेल्या वह्या पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि वसतिगृहांत जातात. आता अनेक तरुण मंडळांना त्यापुढे जाऊन शाळेला खेळाचे साहित्य द्यावेसे वाटते. विचार उत्तम आहे. पण हे दान वहीसारखे नाही. वही मुलाच्या हातात पडली की तिचे काम सुरू होते. चेंडू मात्र शाळेच्या हातात पडतो आणि तिथून मुलाच्या हातात जाईलच याची खात्री नसते. मुख्याध्यापकांच्या खोलीतले कपाट उघडून पाहिले, तर हवा गेलेले फुटबॉल, गुंडाळीतून कधीच न सुटलेली व्हॉलीबॉलची जाळी आणि स्ट्रायकर हरवलेला कॅरम अनेक शाळांत सापडेल. म्हणून काय द्यावे, किती द्यावे आणि कधी द्यावे, हे नीट समजून घ्यायला हवे.

आधी कायद्याचे बोलू, कारण दान आणि हक्क यांची गल्लत आपल्याला परवडणारी नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेला मैदान हवे असे म्हटले आहे, आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य पुरवले पाहिजे असेही म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना वर्षाला क्रीडा अनुदानाची तरतूद आहे : प्राथमिक शाळेला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० रुपयांपर्यंत आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत. शिक्षकाची बाजू मात्र लंगडी आहे. सहावी ते आठवीच्या शाळेत पट शंभराच्या वर असेल तरच आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे. म्हणजे वस्ती-तांड्यावरच्या छोट्या शाळेत हा विषय वर्गशिक्षकानेच शिकवायचा. तोच शिक्षक गणित शिकवतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो आणि ऑनलाइन माहिती भरतो. वेळापत्रकात खेळाचा तास असतो, पण त्या तासाला काय घ्यायचे हे त्या शिक्षकाला कोणी दाखवलेले नसते. मग 'जा, खेळा' म्हणून मुलांना मैदानावर सोडले जाते. चार दांडगे मुलगे बॅट पटकावतात आणि मुली कडेला बसतात.

साहित्य कोणाच्या हातात येते, हा प्रश्न आपल्या इतिहासात नवा नाही. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले, १८७६ साली धारवाडला जन्मलेले गोलंदाज. पुण्यात लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर ते आणि त्यांचे भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात ते मैदानाची देखभाल करायचे आणि सरावासाठी साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकायचे. बॅट मात्र त्यांच्या हाती सहसा दिली जात नसे. हिंदूंच्या संघात आल्यावर मैदानात त्यांचा चेंडू चालायचा, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसाने शंभराहून अधिक बळी घेतले. (१९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. त्याने त्यांच्या गोलंदाजीचे मोल कमी होत नाही.) चेंडू एकाकडे आणि बॅट दुसऱ्याकडे ही वाटणी जात ठरवत होती. आजच्या शाळेत ती उघडपणे जात ठरवत नसेल, पण साहित्य कमी असले की वाटणी होतेच, आणि ती सहसा दुबळ्याच्या विरोधात होते.

म्हणून पहिला हिशेब नगांचा. वर्गात ३० मुले आहेत आणि तास ३५ मिनिटांचा आहे. तुम्ही एक महागडा क्रिकेट संच दिला, तर एका वेळी दोघांच्या हातात बॅट असेल आणि बाकीचे चेंडूची वाट पाहतील. त्याच पैशांत दोरीउड्यांच्या १५ दोऱ्या, रबरी रिंगा, काही हलके चेंडू आणि खुणेसाठी प्लास्टिकचे कोन आले, तर निम्मा वर्ग उड्या मारतो, निम्मा मोजतो, आणि दोन मिनिटांनी अदलाबदल होते. कोणी कडेला बसत नाही. शारीरिक शिक्षणाचा तास आणि क्रिकेटचा सामना यांतला फरक इथे आहे. सामन्यात चांगला खेळणारा जास्त खेळतो. तासाला मात्र ज्याला खेळता येत नाही, त्याला जास्त वेळ मिळायला हवा.

मापही पाहावे. पाचवीपर्यंतच्या मुलांना मोठ्यांचा पाच नंबरचा फुटबॉल जड जातो. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी चार नंबर आणि त्याहून लहानांसाठी तीन नंबर असतो. जड चेंडू पायाला लागला की दुसऱ्या दिवशी मूल मैदानावर येत नाही. चेंडू देताना हवा भरायचा पंप आणि दोन-चार जादा सुया द्यायलाच हव्यात. सुईअभावी पडून राहिलेले चेंडू कितीतरी शाळांत आहेत. जाळी द्यायची तर खांबांचे काय, हे आधी विचारावे. खो-खोला मात्र दोन खांब आणि चुन्याच्या रेघा पुरतात, आणि त्यात मुली सहज उतरतात. लेझीम आपल्याकडे मिरवणुकीत खूप असते, शाळेत तेवढी नसते. मिरवणुकीनंतर मंडळाच्या गोदामात पडलेल्या लेझीम शाळेला देता आल्या तर नवे काही विकत घ्यायचीही गरज नाही. मोठ्यांच्या व्यायामासाठीची 'ओपन जिम'ची लोखंडी यंत्रे मात्र प्राथमिक शाळेच्या आवारात बसवू नयेत. फोटोत ती छान दिसतात, पण लहान मुलांची बोटे त्यात अडकतात.

आता या विषयाच्या नावातल्या दुसऱ्या शब्दाकडे, आरोग्याकडे. दान देणारे इथे सहसा पोचत नाहीत, आणि माझ्या मते खरी गरज इथेच आहे. 'फिट इंडिया'-'खेलो इंडिया'ची शालेय तंदुरुस्ती चाचणी पाहा. लहान मुलांसाठी वजन-उंची, एका पायावर तोल सांभाळणे आणि हाताची चपळाई. चौथीपासून पुढे ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे-चालणे, बसून पुढे वाकणे, पोटाचे आणि दंडाचे व्यायाम. यासाठी लागते काय? वजनकाटा, उंचीची पट्टी, मोजफीत, स्टॉपवॉच आणि एक सतरंजी किंवा मॅट. एवढे साहित्य वर्गात असले की तासाचे स्वरूपच बदलते. मुले धावण्याआधी आणि धावल्यानंतर १५ सेकंद नाडी मोजतात, चारने गुणतात, वहीत लिहितात. गणित, विज्ञान आणि खेळ एकाच तासात येतात. 'माझे ठोके इतके का वाढले?' हा प्रश्न मूल स्वतःच विचारते. हृदयाचा धडा शिकवायला याहून चांगली वेळ कोणती?

भिंतीवर लावायचा दृष्टितपासणीचा तक्ता आणि सहा मीटर अंतराची जमिनीवरची रेघ एवढ्यावर शिक्षकाला अंदाज येतो की कोणत्या मुलाला फळा दिसत नसावा. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. त्या दिवशी ही नावे डॉक्टरांपुढे ठेवता येतात. निदान डॉक्टरच करतील. शिक्षकाने फक्त मूल त्यांच्यापर्यंत पोचवायचे. दर तिमाहीला वजन-उंची नोंदलेली असेल, तर वर्षभरात वजन न वाढलेले मूल कागदावर दिसते, नाहीतर ते मागच्या बाकावर तसेच बसून राहते.

विदर्भातल्या कार्यकर्त्यांनी पुढचा भाग जरा सावकाश वाचावा. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, छाती यांत असह्य वेदना उठतात. शरीरातले पाणी कमी होणे, अतिश्रम, पावसात भिजणे, थंडी यांनी अशा वेदनांना निमित्त मिळते. आता खेळाच्या तासाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. मूल धापा टाकते, मागे पडते. शिक्षकाला वाटते की आळशी आहे, म्हणून शिक्षा म्हणून मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावतात. शारीरिक शिक्षेला कायद्याने बंदी आहेच, पण या मुलाच्या बाबतीत त्या पाच फेऱ्या त्याला दवाखान्यात पोचवू शकतात.

याचा अर्थ अशा मुलांना कडेला बसवावे असा नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने, स्वतःच्या वेगाने, मध्येमध्ये थांबून आणि भरपूर पाणी पिऊन ती खेळू शकतात. वाहक मुले तर बहुतेक सगळे खेळ खेळतात; त्यांनाही पाणी आणि हळूहळू वाढवलेला सराव हवा. म्हणून विदर्भातल्या शाळेला साहित्य देताना यादीत पहिली वस्तू चेंडू नसावी. ती मैदानाजवळ ठेवायची, तोटी असलेली पाण्याची टाकी असावी, आणि पाणी पिण्याची सुटी तासाचाच भाग असावी. साताऱ्याच्या शाळेत शिपाई नसला की लहानग्या भीमाला तहानलेले राहावे लागे, कारण नळाला हात लावायची मुभा नव्हती. शाळेतल्या पाण्याचे महत्त्व आपल्याला आणखी कोणी समजावून सांगायला नको. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. साहित्य देण्याच्या दिवशीच आरोग्य केंद्राशी बोलून पालकांसाठी तपासणीची माहिती ठेवता येईल. कोणते मूल रुग्ण आहे हे मात्र वर्गात जाहीर होता कामा नये. ते शिक्षक आणि पालक यांच्यातच राहावे.

कपाटाच्या कुलपाचे कारणही समजून घेऊ. मुख्याध्यापक खडूस असतात म्हणून ते लागते असे नाही. दान आले की ते डेडस्टॉक रजिस्टरला चढते आणि तपासणीत वस्तू दाखवावी लागते. दोरी तुटली, चेंडू फुटला तर उत्तर कोण देणार? म्हणून कुलूप. यावर साधा उपाय आहे. देणाऱ्यांनी पत्रातच लिहावे की हे साहित्य वापरून झिजण्यासाठी दिले आहे, तुटले-फुटले तर आमची हरकत नाही, आणि पुढच्या वर्षी आम्ही भर घालू. वर्गनिहाय पिशव्या करून दिल्या आणि प्रत्येक पिशवीसाठी दोन विद्यार्थी, त्यांत एक मुलगी, जबाबदार नेमले, तर चावी शोधण्यात निम्मा तास जात नाही.

वेळेचेही तसेच आहे. अंगुत्तर निकायात सत्पुरुषाच्या दानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत श्रद्धा आणि आदर यांच्यासोबत योग्य वेळी देणे हेही आहे. जयंतीला दिलेले साहित्य दोन आठवड्यांत उन्हाळी सुटीत अडकते आणि रबरी वस्तू पत्र्याच्या खोलीत मे महिन्याचे ऊन खातात. निधी १४ एप्रिलला जमवावा, शिक्षकांशी बोलून यादी एप्रिलमध्येच करावी आणि साहित्य शाळा उघडल्यावर द्यावे. पावसात मैदान चिखलाचे असते, म्हणून पहिल्या खेपेत वजनकाटा, मोजफीत, रिंगा, बुद्धिबळ असे वर्गात किंवा व्हरांड्यात चालणारे साहित्य असले तर बरे. देणगीदाराचे नाव चेंडूवर रंगवू नये, ही एक विनंती. मुले ते नाव वाचून खेळत नाहीत.

आपल्यात शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन नोकरीच्या शोधात असलेले तरुण-तरुणी आहेत, कबड्डी-ॲथलेटिक्स खेळलेले आहेत. साहित्यासोबत अशा एका व्यक्तीने महिन्यातून दोन तास वर्गशिक्षकाला सोबत घेऊन काम केले, तर महागड्या संचापेक्षा जास्त पदरात पडते. शाळेची लेखी परवानगी आणि शिक्षकाची उपस्थिती मात्र आवश्यक समजावी.

आणि शाळा व्यवस्थापन समिती विसरू नये. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित घटकांना प्रमाणात जागा असते. आपल्या वस्तीतले कोणी त्या समितीवर आहे का, हे दान देण्याआधी पाहावे. त्या सदस्याने बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात आणि इतिवृत्तात लिहून घ्याव्यात : यंदाचे क्रीडा अनुदान किती आले, त्यातून काय घेतले, आणि कोणत्या वर्गाचा खेळाचा तास कोणत्या वारी असतो. पहिल्या दोन उत्तरांवरून आपण काय द्यायचे ते कळेल. तिसरे उत्तर मिळाले की त्या वारी सकाळी शाळेत जाऊन यावे.