स्वादुपिंडातली पाण्याची गाठ

पित्ताचे खडे बघायला म्हणून सोनोग्राफी करावी आणि रिपोर्टात निघावं, ‘स्वादुपिंडात सिस्ट’. गाठ म्हटलं की घरात रडारड. कुणी लगेच गटाकडं कर्ज मागायला येतं, तर कुणी रिपोर्ट ट्रंकेत दडवून ठेवतं. आम्हाला दोन्हींची काळजी वाटते, म्हणून आज याच गाठीविषयी बोलू.

स्वादुपिंड जठराच्या मागं आडवं असतं, वीतभराहून थोडं कमी. अन्न पचवणारा रस आणि इन्सुलिन तिथंच तयार होतं. सिस्ट म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी. पण सगळ्या पिशव्या एका जातीच्या नसतात, खरी गोम तिथंच आहे.

एकीत पातळ पाणी आणि मधाच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे असतात. ती बहुधा साठीच्या आसपासच्या बायकांत सापडते. तिचं नाव सिरस सिस्टॅडिनोमा. तिचा कॅन्सर होणं फारच क्वचित. त्रास नसेल तर ऑपरेशन सहसा लागत नाही.

दुसरीत चिकट, बुळबुळीत द्रव असतो. ही जवळजवळ बायकांनाच होते, बहुतेक चाळिशी-पन्नाशीत, आणि स्वादुपिंडाच्या शेपटीकडं. आज साधी असली तरी पुढं बिघडू शकते. म्हणून तब्येतीला झेपत असेल तर बहुधा काढतात. लहान असेल तर कधी नुसतं लक्ष ठेवतात.

स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर नुसतं पाणी साठतं, ते तर ट्यूमरच नव्हे.

मग ओळखायचं कसं? नुसत्या सोनोग्राफीवर भागत नाही. सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो. तरी शंका राहिली तर तोंडावाटे दुर्बीण घालून आतून सोनोग्राफी करतात आणि सुईनं पाणी काढून तपासतात. काढ्यानं पिशवी विरघळते असं सांगणारे भेटतील. पैसे जातात, पिशवी तिथंच राहते.

ऑपरेशन ठरलं तर डॉक्टरांना विचारा: गाठ कोणत्या जातीची? प्लीहाही काढावी लागेल का? लागणार असेल तर जंतुसंसर्गाविरुद्धच्या लसी घ्याव्या लागतात. पुढं काहींना मधुमेहही होतो, तेही आधीच विचारा. महात्मा फुले योजनेत खर्च बसतो का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, कर्जाचं नंतर बघू.

कावीळ, झपाट्यानं घटणारं वजन, पाठीत जाणारी पोटदुखी असेल तर मात्र थांबू नका. आणि जुन्या फिल्मा टाकू नका बरं! गाठ वाढली की नाही, हे डॉक्टर त्यांच्याशी ताडूनच सांगतात.