‘ब्रिसल’चे गोत

टूथब्रशच्या उभ्या तंतूंना इंग्रजीत ‘ब्रिसल’ म्हणतात. आज ते नायलॉनचे असतात. नायलॉनचा पहिला टूथब्रश अमेरिकेत १९३८ साली बाजारात आला; त्याआधी ब्रशला डुकराचे केस लावत. ‘ब्रिसल’चा मूळ अर्थही तोच: डुकराच्या पाठीवरचा राठ, ताठ केस.

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘ब्युर्स्ट’ असा होता. पुढे त्याला लघुत्वाचा ‘एल’ प्रत्यय लागला आणि ‘र’ने जागा बदलली, जशी ‘वाराणसी’चे ‘बनारस’ होताना बदलली. जर्मनमधला ‘बोर्स्टे’, म्हणजे राठ केस, त्याचाच भाऊ.

आता घराजवळ येऊ. ऋग्वेदात इंद्राच्या वज्राला ‘सहस्रभृष्टि’, म्हणजे हजार टोकांचे, म्हटले आहे. टोक या अर्थाचा हा ‘भृष्टि’ आणि ‘ब्रिसल’ एकाच गोताचे. असे सांगितले की मला लगेच ऐकवले जाते, ‘म्हणजे इंग्रजी शब्द संस्कृतातूनच गेला!’ तसे नाही. ही आई-लेक नव्हेत, चुलत भावंडे आहेत; दोघांचा पूर्वज त्याहून जुना. पुरावा नुसत्या सारखेपणाचा नसून नियमाचा आहे: संस्कृत ‘भ’च्या जागी इंग्रजीत ‘ब’ येतो, जसे ‘भ्रातृ’ आणि ‘ब्रदर’. नुसता सारखेपणा फसवतो. ‘भृष्ट’ म्हणजे भाजलेले, ‘भ्रष्ट’ म्हणजे ढळलेले. कानाला जवळचे असूनही ‘भृष्टि’शी त्यांचे नाते नाही.

‘ब्रिसल’ क्रियापदही आहे. डिवचलेला कुत्रा पाठीवरचे केस पिंजारतो, म्हणून रागाने ताठणाऱ्या माणसालाही ते लावतात. केस उभे राहण्याला लॅटिनमध्ये ‘होर्रेरे’ म्हणत. त्यातून ‘हॉरर’ आला. त्याचे संस्कृत भावंड आहे ‘हृष्’, ज्यातून ‘हर्ष’ आला! लॅटिन ‘ह’समोर संस्कृत ‘ह’ येतो: लॅटिन ‘हिएम्स’ म्हणजे हिवाळा, आपला ‘हिम’.

एकाच धातूतून भीती आणि आनंद कसे निघाले? केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो. तो आकसला की केस उभा राहतो, मग कारण थंडी असो, भय असो की आनंद. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला रोमहर्ष होतो तो विषादाने. अठराव्यात संजयाला होतो तो विस्मयाने. मराठीने तर निवडच केली नाही. अपघाताची बातमी वाचून अंगावर काटा येतो, आणि मैफिलीत सूर नेमका लागला तरी तोच काटा येतो.