स्टॉरमॉन्ट: दोन अल्पसंख्याकांची संसद

बेलफास्टच्या पूर्वेला स्टॉरमॉन्ट इथे एका टेकडीवर उत्तर आयर्लंडचे विधिमंडळ आहे. फाटकापासून दीड किलोमीटरहून लांब, सरळ चढत जाणारा रस्ता थेट इमारतीच्या पायऱ्यांपाशी पोचतो. पोर्टलंडचा पांढरा दगड, खाली मोर्न डोंगरातल्या ग्रॅनाइटचा थर, ३६५ फूट रुंदी आणि दर्शनी भागात सहा उंच खांब. हे सहा खांब म्हणजे उत्तर आयर्लंडचे सहा परगणे, असे सांगितले जाते. सर आर्नल्ड थॉर्नली यांनी आराखडा केलेल्या या इमारतीचे उद्घाटन नोव्हेंबर १९३२ मध्ये युवराज एडवर्ड यांच्या हस्ते झाले. बहुमताची सत्ता कायमची आहे, हे ठसवण्यासाठीच ती इतकी भव्य बांधली गेली, असे तिच्याकडे पाहताना वाटते. पण तिचा इतिहास उलट गोष्ट सिद्ध करतो. ज्या समाजात दोन गटांना दोन वेगवेगळी राष्ट्रे आपली वाटतात, तिथे केवळ डोकी मोजून स्वराज्य चालत नाही.

इमारतीसमोर एडवर्ड कार्सन यांचा पुतळा आहे. उजवा हात उंचावून ते भाषण करत आहेत. कार्सन मूळचे डब्लिनचे, नामांकित बॅरिस्टर. आयर्लंडला होमरूल देणारे तिसरे विधेयक १९१२ मध्ये आले, तेव्हा विरोधाचे नेतृत्व त्यांनी केले. त्या वर्षीच्या २८ सप्टेंबरला बेलफास्टच्या सिटी हॉलमध्ये होमरूलविरोधी प्रतिज्ञापत्रावर पहिली सही त्यांची होती. आपापल्या प्रतिज्ञापत्रांवर सह्या करणाऱ्या स्त्री-पुरुषांची संख्या साडेचार लाखांवर गेली. टिळकांनी १९१६ मध्ये बेळगावला स्थापन केलेल्या होमरूल लीगचे नाव या आयरिश चळवळीवरूनच आलेले, त्यामुळे मराठी वाचकाचा ओढा साहजिकच राष्ट्रवाद्यांकडे असतो. तरी ब्रिटनशीच जोडून राहू पाहणाऱ्या, मुख्यतः प्रोटेस्टंट युनियनवाद्यांची भीती खोटी नव्हती. सबंध बेटावर प्रोटेस्टंट साधारण चौथा हिस्सा होते. डब्लिनच्या संसदेत आपण कायमचे अल्पमतात राहू, हा त्यांचा हिशोब बरोबरच होता. चूक पुढे झाली. १९२० च्या कायद्याने आयर्लंडची फाळणी होऊन सहा परगण्यांची वेगळी संसद निघाली आणि तिथे सुमारे एक तृतीयांश असलेल्या कॅथलिकांच्या वाट्याला नेमके तेच कायमचे अल्पमत आले. अल्पसंख्याकांना आपल्या राज्यात भय वाटता कामा नये, असे खुद्द कार्सननी १९२१ मध्ये आपल्या लोकांना बजावले होते. त्यांचा पुतळा उभारणाऱ्यांनी हा सल्ला मात्र मानला नाही.

मुख्यतः कॅथलिक असलेल्या राष्ट्रवाद्यांनीच सुरुवातीला या संसदेवर बहिष्कार घातला, मग दोष एकट्या बहुमताला का, असा आक्षेप घेतला जातो. बहिष्कार खरा होता. पण १९२५ पासून राष्ट्रवादी सभासद सभागृहात येऊ लागले आणि १९२९ मध्ये निवडणुकीतली प्रमाणशीर मतदानाची पद्धतच रद्द झाली. १९२१ ते १९७२ या काळातले सहाही पंतप्रधान एकाच पक्षाचे. विरोधी राष्ट्रवाद्यांच्या पुढाकाराने मंजूर झालेला कायदा म्हणून नेहमी एकच सांगितला जातो: रानपक्ष्यांच्या संरक्षणाचा, १९३१ चा. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य असूनही प्रभाग असे आखले की नगरपालिका युनियनवाद्यांकडेच राहावी. घरवाटप आणि नोकऱ्यांतल्या अशाच भेदभावाविरुद्ध १९६८ मध्ये लोक रस्त्यावर आले. हिंसाचार भडकत गेला आणि मार्च १९७२ मध्ये लंडनने ही संसद गुंडाळून कारभार स्वतःकडे घेतला.

आजची व्यवस्था हा हिंसाचार थांबवण्यासाठी झालेल्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारातली. त्याच्या अंतिम वाटाघाटी याच आवारात झाल्या आणि उत्तर आयर्लंडच्या ७१ टक्के मतदारांनी सार्वमतात त्याला होकार दिला. पूर्वीचे सभागृह १९९५ च्या आगीत जळाले. नव्याने उभारलेल्या सभागृहात सभासद घोड्याच्या नालेसारख्या आकारात बसतात. प्रथम मंत्री आणि उपप्रथम मंत्री यांपैकी एक युनियनवादी, एक राष्ट्रवादी. अधिकार अगदी समान, आणि एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद जाते. यावरचा आक्षेप वजनदार आहे. राजीनाम्याचा हा नकाराधिकार वापरून राष्ट्रवाद्यांनी २०१७ मध्ये सरकार तीन वर्षे बंद पाडले, युनियनवाद्यांनी २०२२ मध्ये दोन वर्षे. शिवाय दोन्ही छावण्यांबाहेरच्या अलायन्स पक्षाचे ९० पैकी १७ सभासद २०२२ मध्ये निवडून आले, पण काही ठरावांवर दोन्ही समाजांची संमती वेगवेगळी मोजली जाते तेव्हा त्यांचे मत कोणत्याच बाजूला धरले जात नाही. हा अन्याय आहे आणि तो दूर व्हायला हवा. महत्त्वाच्या ठरावांना साठ-पासष्ट टक्क्यांचे बहुमत लागेल असा नियम केला, तर छावणीचा शिक्का न लावताही अल्पमताला संरक्षण मिळेल. पण म्हणून साध्या बहुमताकडे परतणे हा उपाय नव्हे. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक ४५.७ टक्के भरले, प्रोटेस्टंट व अन्य ख्रिस्ती पार्श्वभूमीचे ४३.५ टक्के. आता निम्म्यावर कोणीच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशेल ओनील या पहिल्या राष्ट्रवादी प्रथम मंत्री झाल्या, आणि राष्ट्रवाद्यांसाठी मागितलेले संरक्षण आज युनियनवाद्यांनाही तितकेच हवे आहे.

बेलफास्टला जाणे झाले तर टायटॅनिकचे संग्रहालय पाहून परतू नका. इमारत पाहुण्यांना खुली असते. विधिमंडळाच्या बैठका सहसा सोमवारी आणि मंगळवारी होतात. शक्यतो त्यातलाच दिवस निवडा आणि प्रेक्षक सज्जात बसून एखादी चर्चा पूर्ण ऐका.